विहिरीत सोडलेला उजेड

घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की ज्वारीच्या रानापलीकडं चिंच दिसायची आणि चिंचेखाली जुन्या विहिरीचा काठ. विमलबाई नवरा गेल्यापासून त्या काठाला एकदाही गेली नव्हती. शेळी तिकडं पळाली तरी ही बाई चिंचेच्या अलीकडं थांबून कुणाला तरी हाक मारायची. तिला जाऊ नको म्हणून गावानं काही पाटी लावली नव्हती. एकदा तोंडावर बोललेलं माणूस विसरत नाही, मग पाटी कशाला पाहिजे?

बोललेलं असं होतं, की तिच्या नवऱ्याला, बद्रीनाथला, विहिरीनं घेतलं ते विमलच्या पावलानं.

तेव्हा तिची लेक मनिषा दुसरीत होती. विहिरीतला गाळ काढायला बद्रीनाथ उतरला. त्याचा थोरला भाऊ त्रिंबक काही बेफिकीर माणूस नव्हता. त्यानं आधी दोराला कंदील बांधून तळापर्यंत सोडला, चांगला घटकाभर ठेवला. कंदील जळत राहिला. म्हणजे हवा चांगली, असं या भागात सगळेच धरतात. तरी बद्रीनाथ दुसरी बादली भरता भरता आडवा झाला तो झालाच. वर काढला तर अंगावर ना जखम, ना कशाचा दंश. आता कंदील जळत असताना धडधाकट माणूस मरतो कसा? लोक विचारात पडले. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड, साती आसरा. पाण्याच्या देवता त्या, मानाच्या. त्या रागावल्या असणार. पण रागावल्या कावून? सकाळी इथं कोण कोण आलतं? न्याहारी घेऊन विमल आलती. आणि धक्क्यानं अर्धमेली झालेल्या विमलनं शेजारणीला खरं सांगून टाकलं, की तिची अडचण चालू होती, दुसरा दिवस होता.

झालं. दहाव्याला त्रिंबकनं चारचौघांत म्हटलं, "विटाळाचं पाऊल पडलं. आसरा कोपल्या." लोकांना उत्तर पाहिजे असतं, आणि ते एखाद्या बाईच्या अंगावर टाकता येत असेल तर कसं झटकन सापडतं बघा.

सगळ्यात वाईट हे, की विमलबाईलाही ते पटलं होतं. कुणी टोमणा मारला तर ती भांडायची नाही, मान खाली घालायची. भावाच्या टोळीबरोबर ती कारखान्याला ऊसतोडीला जायची, पोरीला हंगामी वसतिगृहात ठेवायची, थंडीत फडावर कोयता चालवायची, आणि कधी हात थांबला की मनात एकच यायचं, आपण त्या दिवशी भाकरी दुसऱ्या कुणाच्या हाती धाडली असती तर. हे तिनं मनिषाला कधी सांगितलं नाही. मनिषाला गावानं सांगितलं.

मनिषा शिकत गेली. बीड, मग संभाजीनगर, मग थेट कोलकाता. तिथं कुठल्याशा संस्थेत ती काचेच्या तारा ओढते एवढंच विमलबाईला ठाऊक होतं. "माझी लेक काचेच्या कारखान्यात हाय," असं ती सांगायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं पोरगी बांगड्या करते.

या मार्चात बोअर आटले तसा त्रिंबकरावानं जुनी विहीर उपसायचा घाट घातला. यारी मशीन सांगून ठेवलं, बादली वर ओढायला. पण खाली बादली भरायला माणूस पाहिजेच. त्रिंबकरावाचा एकुलता सोमेश्वर म्हणाला, मी उतरतो. लोकाचं लेकरू उतरवण्यापेक्षा बापालाही तेच बरं वाटलं. यावेळी आसरांचं सगळं रीतीनं करू, ओटी भरू, नारळ फोडू, कंदील सोडू, आणि बायामाणसांनी तिकडं फिरकायचं नाही. असा सगळा बंदोबस्त विमलबाईनं ऐकला. सोमेश्वर तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला. तिनं मनिषाला फोन लावला.

"सोमा उतरायलाय विहिरीत," ती म्हणाली.

"मी येईस्तोवर कुणी उतरायचं न्हाई," मनिषा म्हणाली. "सोमाच्या आबाला माझं नाव सांग."

चौसाळ्याला बसमधून उतरून मनिषा आली ती एक चंदेरी पेटी छातीशी धरूनच. आपल्या सरांची परवानगी काढून तिनं ती आणली होती. उन्हं कलल्यावर माय-लेकी ओट्यावर बसल्या. मनिषानं पेटीतून केसाएवढी बारीक तार काढली आणि आईच्या तळहातावर ठेवली.

"हिला भोकं हायत," ती म्हणाली.

विमलबाईनं तार डोळ्याशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "कुठं?"

मनिषानं मोबाइलवर फोटो दाखवला. तार आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. सहा कोनांची जाळीच जाळी, सगळी घरं एका मापाची, आणि मधोमध एक मोठी रिकामी जागा. विमलबाई बघतच राहिली.

"आगं, हे तर मोहोळ हाय."

"मोहोळच. पण माणसानं केलेलं." मनिषाचा आवाज बदलला. लहानपणी पहिला नंबर आल्यावर बोलायची तशी ती बोलायला लागली. "उदबत्तीएवढ्या जाड काचेच्या नळ्या असत्यात, पोकळ. त्या आमी हातानं रचतो, एकावर एक, अगदी तुझ्या उसाच्या मोळीवानी, पण सहा कोनांची. मग मधल्या सात नळ्या काढून टाकतो. ती सगळी मोळी उंच मनोऱ्याच्या माथ्यावर भट्टीत धरायची. काच मऊ झाली की खालून वढत न्यायची. मोळी बारीक होत जाती, भोकंबी बारीक होत जात्यात, पण कुणी आपली जागा सोडत न्हाई. शेवटाला ही अशी तार. एक नळी तिरपी बसली तर सगळं वाया. पहिल्या वर्षी माझं निम्मं वायाच गेलं."

"अन् उजेड ह्या काचेतनं पळतो व्हय?"

"हितंच तर गंमत हाय आई. मोबाइलच्या साध्या तारेत उजेड काचेतनं जातो. हिच्यात मधल्या पोकळीतनं जातो, निव्वळ हवेतनं. भोवतीची जाळी अशी नेमक्या मापानं बसवलेली, की उजेडाला बाजूनं निसटायला वाटच सापडत न्हाई. तीस-पस्तीस वर्षांमागं एका शास्त्रज्ञाला हे सुचलं, तवा लोकांचा इश्वास बसंना. आधी मधी काच ठेवून जमलं, मग मधली जागा पोकळ ठेवूनबी जमलं. आता बघ, काचेपरीस हवेत उजेड जोरात पळतो, म्हणून निरोप लवकर पोचावा त्यासाठी असल्या पोकळ तारा टाकायलेत. ह्यांच्या चुलत बहिणी निघाल्यात आता, त्यांच्यात तर साध्या तारेपरीस कमी उजेड सांडतो. मधी काच असलेल्या तारेत एका रंगाचा लेसर घातला की पलीकडून सगळे रंग बाहेर पडत्यात. तो उजेड घेऊन डोळ्याच्या आतले पदर बघत्यात. आपरेशनचा कडक लेसरबी पोकळ तारेतनं नेत्यात, कारण जळायला मधी काचच न्हाई."

विमलबाईला यातलं किती कळलं ते सोडा. पण आपल्या पोटची पोर काचेच्या मोळ्या बांधते आणि त्या मोळ्यांतून उजेड चालतो, हे ऐकून तिचा ऊर भरून आला. तिनं तार लेकीच्या हातात परत दिली ती देवाचा अंगारा द्यावा तशी जपून.

"अन् विहिरीला ही कशी?"

"पोकळ हाय म्हणून. भोकात वायू शिरतो. प्रत्येक वायू ठरलेल्या रंगाचा उजेड गिळतो. विहिरीतला विषारी वायू जो गिळतो तेवढाच उजेड आपण सोडायचा. पलीकडं कमी पोचला तर समजायचं, मधी कुणीतरी गिळला. पोकळ तारेत उजेड अन् वायू सगळी वाट एकमेकाला लागून चालत्यात, म्हणून जरासा वायू असला तरी लपत न्हाई." तिनं पेटीतली पोलादाची भोकाभोकांची डबी दाखवली. तिच्यात ती तार वेटोळं करून बसवली होती, आणि डबी केबलला लटकवून खाली सोडायची होती. "अण्णा त्या विहिरीत कशानं गेले ते उद्या कळंल."

विमलबाईनं डबीची भोकं बोटानं चाचपली. मग हळूच म्हणाली, "अन् वायू निघलाच न्हाई तर?"

मनिषा म्हणाली, मग सोमाला धोका नाही, चांगलंच की. तिच्या ध्यानात आलं नाही. आईच्या मात्र नीट ध्यानात आलं होतं. वायू निघाला नाही, तर नवरा कशानं गेला याचं एकच उत्तर उरत होतं, आणि मग त्याला शास्त्राचीही साक्ष मिळणार होती.

सकाळी विहिरीवर त्रिंबकराव, सोमेश्वर आणि यारीवाला सटवा जमले. ओटीचं ताट फडक्याखाली झाकून ठेवलं होतं. पुतणी पेटी घेऊन येताना दिसली तशी त्रिंबकरावाच्या कपाळाला आठी पडली.

"बायामाणसानं यायचं न्हाई म्हणून सांगितलं व्हतं," ते म्हणाले.

"बघू द्या की तिला आबा," सोमेश्वर म्हणाला. "उतरायचं मला हाय."

बापानं कंदिलाला दोर बांधायला घेतला. "बघू दे. कंदील मी सोडणारच," एवढंच ते म्हणाले.

विमलबाई चिंचेच्या अलीकडं, तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली. मनिषा काठावर पालथी पडली आणि डबी हळूहळू खाली सोडत गेली. शेजारून कंदील उतरला. तळाला पाणी असं नव्हतंच, गुडघाभर काळा गाळ आणि त्यावर वर्षानुवर्षं पडलेला चिंचेचा पाला. कंदील गाळाच्या वर हातभर अंतरावर थांबला, आणि जळत राहिला. मनिषाच्या पेटीवरच्या पडद्यात, तारेतून पोचणारा उजेड दाखवणारी रेघ सरळ होती. तिनं डबी फिरवून पाहिली, आणखी खाली नेली. रेघ सरळच.

"काय म्हणतंय तुझं मशीन?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"सध्या कायच न्हाई," मनिषा म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

"म्हणजे कंदील म्हणला तेच. हवा चांगली हाय. तवाबी चांगलीच व्हती." त्रिंबकराव चिंचेकडं बघून बोलले नाहीत, पण बोलणं तिकडंच गेलं.

विमलबाईनं ते ऐकलं. ती झाडाला धरून खाली बसली. इतकी वर्षं मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी एक आशा धुगधुगत असते, ती आहे हेही माणसाला ठाऊक नसतं. ती विझल्यावर कळतं. सोमेश्वर कमरेला पट्टा आवळायला लागला होता.

मनिषा उठली नव्हती. "आबा," ती म्हणाली, "अण्णा खाली गेल्यावर काही बोलले व्हते?"

"बोलला की. पहिल्या बादलीला म्हणला, सडक्या अंड्यावानी घाण वास यायलाय. मी म्हणलो, वर ये. तर म्हणला, थांब दादा, गेला वास. आता कायच येईना." त्रिंबकरावांनी हात जोडल्यासारखे केले. "मला वाटलं, आसरांनी वाट दिली. दुसऱ्या बादलीला…" 

मनिषा उठून बसली. 

"वास न्हवता गेला आबा. नाक गेलं व्हतं."

"म्हणजे?"

"गाळात पाला कुजून जो वायू होतो, त्याला आधी वास येतो. लई झाला की नाकच मरतं. मग काय येत न्हाई, अन् दोन श्वासात माणूस पडतो. कंदिलाला त्याचं काय न्हाई, तो जळतच ऱ्हातो." ती पेटीकडं वळली. "तो वायू वर तरंगत नसतोच. गाळात कोंडलेला असतो. गाळ हलला की सुटतो. अण्णांनी पहिली बादली भरली तवा हलला. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. गाळ हलवायला पाहिजे, हितूनच, वरून."

"पूजा झाल्याबिगर गाळाला हात न्हाई लागायचा," त्रिंबकराव म्हणाले. "एकदा भोगलंय आमी."

सटवानं यारीच्या दांड्यावरचा हात काढून घेतला. सोमेश्वर बापाकडं आणि बहिणीकडं आळीपाळीनं बघत राहिला.  पूजा करा, मग हलवा, असं मनिषा म्हणू शकली असती, पण पूजा झाली की सोमेश्वर आधी पायरीवर पाय ठेवणार, हे तिला दिसत होतं.

तेवढ्यात विमलबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चिंचेच्या पुढं आली. सटवा बाजूला सरला. त्रिंबकरावांनी तोंड उघडलं, पण भावजयीला समोरून आडवणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. काठावर बादल्या काढायचा लोखंडी गळ दोरासकट पडला होता. तिनं तो उचलला. आत काही निघालं नाही तर आजचं पापही आपल्याच माथी येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं गळ खाली सोडला, तळाला टेकवला आणि दोर खेचला. एकदा, दोनदा, सगळ्या अंगाचा भार टाकून.

खाली काळे बुडबुडे आले. पाला फाटला आणि गाळ खदखदल्यासारखा झाला.

पेटीवरची रेघ आधी थरथरली. मग जी खाली आली ती येतच राहिली. तळाच्या त्या डबीत केसाएवढ्या तारेतून उजेड निघत होता आणि पलीकडं पोचत नव्हता. कुणीतरी तो गिळत होतं. आणि शेजारी कंदील तसाच, शांतपणे, जळत होता.

"मागं सरा," मनिषा ओरडली. "सगळे वारा येतोय त्या अंगाला या."

सडक्या अंड्याचा वास काठापर्यंत आला तेव्हा सगळे चिंचेच्या अलीकडं पोचले होते. मनिषानं पेटी जमिनीवर ठेवून त्रिंबकरावांपुढं वळवली. "ही रेघ एवढी खाली असली तर माणूस वर येत न्हाई आबा. सोमा असता आता तिथं."

त्रिंबकराव त्या रेघेकडं बघत राहिले. सोमेश्वरनं कमरेचा पट्टा सोडला. 

"मी न्हाई मारलं त्यांना," विमलबाई म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली नाही. "मी न्हाई मारलं." आणि मग ती रडली, नवरा गेला तेव्हा लाजेपायी जे रडता आलं नव्हतं ते सगळं रडली. मनिषानं तिला धरलं, सोमेश्वर काकूच्या पायाशी बसला, आणि कुणीच तिला गप्प हो म्हणालं नाही.

त्रिंबकराव कधी खाली बसले कुणाला कळलं नाही. टोपी हातात होती. ते म्हणाले, "वास आला म्हणला, तवाच वढायला पाहिजे व्हतं. दोर माझ्याच हातात व्हता."

विमलबाईनं डोळे पुसले. थोरल्या दिराशी ती समोरासमोर कधी बोलली नव्हती. आता आपल्या डोक्यावरचं ओझं त्यांच्या डोक्यावर द्यायला कुणाची हरकत नव्हती, उलट तेच न्यायाचं झालं असतं. पण ते ओझं किती वजनाचं असतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"तुमाला तरी काय ठाव, भावजी," ती म्हणाली. "वाईट माणसानं केलं असतं तर आपण त्याला धरलं असतं. ह्यात कुणाचाच दोष न्हाई."

ठरलं ते असं, की गाळात माणूस उतरवायचा नाही. सटवाची यारी पंजा लावून वरूनच गाळ उचलेल, आणि काम संपेपर्यंत मनिषाची डबी आत लटकत राहील. सटवा पंज्याची चौकशी करायला फोन लावून बसला. त्याला त्या तारेचं एवढं कौतुक वाटलं होतं की फोनवर पंज्याचं राहिलं बाजूला आणि तो पलीकडच्याला काचेच्या मोहोळाचंच सांगत बसला.

वास ओसरला, रेघ बरीच वर आली, वारा अंगावरून जात होता. मनिषानं काठ बघून घेतला आणि वर थांबायला हरकत नाही म्हणाली. तेव्हा त्रिंबकराव उठले. फडक्याखालचं ताट काढून त्यांनी विमलबाईपुढं धरलं. खण, हळदकुंकू, तांदूळ, नारळ. 

"विमल, आसरांची ओटी तू भर. तुझाच मान हाय."

माफी मागायची त्यांच्याकडं एवढीच भाषा होती, आणि विमलबाईला ती कळली. तिनं ताट घेतलं. दगडांकडं जायला वळली, तर मनिषा मागं सरकून उभी.

"चल की," विमलबाई म्हणाली.

"तू भर आई. मी हितंच थांबते." मनिषानं आवाज खाली आणला, पण विहिरीवर शांतता होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "माझी अडचण चालू हाय. दुसरा दिवस हाय."

 सकाळपासून ही पोर याच काठावर पालथी पडून होती, याच विहिरीत हात घालून तिनं सोमेश्वरचा जीव राखला होता. विमलबाईनं लेकीकडं पाहिलं. मग ताट तिच्या हातात दिलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मग तर तूच भर," ती म्हणाली.

मनिषानं थोरल्या आबांकडं पाहिलं. त्रिंबकराव सात दगडांच्या आडवे उभे होते. ते बाजूला झाले, आणि त्यांनी पोरीला वाट दिली.